कार्बॉक्सिलिक अम्लांची हायड्रोजन-बंधित रेणुसंकुले आणि सूक्ष्मतरंग वर्णपटविज्ञान

सारांश

कार्बॉक्सिलिक अम्लांचे रेणू वायुरूपात बहुधा जोडीने वावरतात. दोन हायड्रोजन बंधांनी जखडलेली ही जोडी म्हणजे रसायनशास्त्रातील हायड्रोजन बंधाचा आदर्श नमुना मानला जातो. या जोडीतील अणूंची नेमकी मांडणी कशी आहे आणि बंधातील दोन प्रोटॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे जातात की नाही, या दोन प्रश्नांची सर्वांत काटेकोर उत्तरे सूक्ष्मतरंग वर्णपटविज्ञानाने दिली आहेत. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे तत्त्व, तिच्यातील मूलभूत अडचण, त्या अडचणीवर शोधलेले उपाय, मिळालेले निष्कर्ष आणि पद्धतीच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : हायड्रोजन बंध, कार्बॉक्सिलिक अम्ल, द्विवारिक, परिवलन वर्णपट, द्विध्रुव परिबल, प्रोटॉन-अदलाबदल.

१. प्रस्तावना

मिथिल फॉर्मेट, १-प्रोपेनॉल आणि ॲसिटिक अम्ल या तिन्ही द्रव्यांचा रेणुभार ६० आहे. तरीही मिथिल फॉर्मेट सुमारे ३२ अंश सेल्सिअसला, १-प्रोपेनॉल ९७ अंशांना, तर ॲसिटिक अम्ल ११८ अंशांना उकळते. रेणूचे वजन सारखे असताना उत्कलनबिंदूत एवढी तफावत का पडावी? याचे उत्तर रेणूंच्या परस्पर-आकर्षणात आहे. मिथिल फॉर्मेटच्या रेणूंत परस्परांना हायड्रोजन बंधाने धरून ठेवण्याची सोय नाही. प्रोपेनॉलमध्ये ती आहे. ॲसिटिक अम्लात ती दुहेरी आहे. इतकेच नव्हे, तर ॲसिटिक अम्लाच्या बाष्पाची घनता मोजून रेणुभार काढला, तर साध्या तापमानाला तो ६० पेक्षा बराच अधिक येतो. म्हणजे द्रवाचे बाष्प झाले तरी रेणूंची जोडी पूर्णपणे सुटत नाही.

हायड्रोजन बंधाची कल्पना लॅटिमर आणि रोडबुश यांनी १९२० मध्ये मांडली. त्यानंतर १९३४ मध्ये लायनस पॉलिंग आणि ब्रॉकवे यांनी इलेक्ट्रॉन-विवर्तनाच्या साहाय्याने वायुरूप फॉर्मिक अम्लाचा अभ्यास केला आणि दोन रेणू समोरासमोर येऊन एक वलय तयार करतात, हे दाखवून दिले. बंधाच्या दोन टोकांच्या ऑक्सिजन अणूंतील अंतर त्यांना सुमारे २.६७ आंगस्ट्रॉम आढळले. एक आंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग. मात्र इलेक्ट्रॉन-विवर्तनात हायड्रोजनसारखा हलका अणू जवळजवळ दिसत नाही. आणि या साऱ्या कथेचा नायक तर तोच आहे. तो कोठे आहे आणि स्थिर आहे की नाही, हे जाणण्यासाठी वेगळ्या साधनाची गरज होती.

२. दुहेरी बंधाची वैशिष्ट्ये

कार्बॉक्सिलिक गटात एकाच कार्बन अणूवर हायड्रोजन देणारा हायड्रॉक्सिल गट आणि हायड्रोजन स्वीकारणारा कार्बोनिल ऑक्सिजन असे दोन्ही असतात. दाता आणि ग्राही शेजारी असल्यामुळे असे दोन रेणू समोरासमोर आले की प्रत्येक जण एकदा देतो आणि एकदा घेतो. त्यातून आठ अणूंचे सपाट वलय तयार होते. त्यात दोन कार्बन, चार ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन असतात. दोन सारख्या रेणूंच्या अशा जोडीला द्विवारिक म्हणतात. दोन भिन्न अम्लांच्या जोडीला मिश्र द्विवारिक म्हणता येईल.

ही जोडी किती घट्ट असते, याची कल्पना आकड्यांवरून येते. पाण्याच्या दोन रेणूंची जोडी सोडवण्यास प्रतिमोल सुमारे १३.२ किलोजूल ऊर्जा लागते. फॉर्मिक अम्लाच्या द्विवारिकासाठी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रायोगिक मूल्य ५९.५ किलोजूल आहे. म्हणजे प्रत्येक बंधाच्या वाट्याला जवळजवळ ३० किलोजूल येतात. पाण्यातील बंधाच्या दुपटीहून अधिक. दोन बंध एकमेकांना बळ देतात, असा याचा अर्थ आहे.

३. सूक्ष्मतरंग वर्णपटविज्ञानाचे तत्त्व

वायुरूपातील रेणू स्वतःभोवती फिरत असतो. पुंजयामिकीनुसार या परिवलनाला वाटेल ती ऊर्जा असू शकत नाही. ठरावीक पायऱ्याच उपलब्ध असतात. एका पायरीवरून दुसरीवर जाताना रेणू ज्या कंप्रतेची प्रारणे शोषतो किंवा उत्सर्जित करतो, ती बहुतेक वेळा सूक्ष्मतरंगांच्या पट्ट्यात येते. पायऱ्यांमधील अंतर रेणूच्या निरूढी परिबलावर, म्हणजेच जडत्व आघूर्णावर अवलंबून असते. निरूढी परिबल कोणत्या अणूचे वस्तुमान अक्षापासून किती दूर आहे यावरून ठरते. म्हणून परिवलनाची कंप्रता मोजणे म्हणजे अप्रत्यक्षपणे अणूंमधील अंतरेच मोजणे होय.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात हे तत्त्व सामान्यतः कार्बन मोनॉक्साइडच्या उदाहरणाने शिकवले जाते. त्याची पहिली रेषा ११५.२७ गिगाहर्ट्झला मिळते. रेणू जितका जड आणि विस्तृत, तितके त्याचे परिवलन संथ आणि रेषा जवळजवळ असतात. दोन अम्लांचे संकुल कार्बन मोनॉक्साइडच्या मानाने अवाढव्य असल्यामुळे त्याच्या अनेक रेषा काही गिगाहर्ट्झ ते वीस गिगाहर्ट्झ या टापूत सापडतात.

सूक्ष्मतरंगांनी रेणूचा वेध घेण्याचा पहिला प्रयोग क्लीटन आणि विल्यम्स यांनी १९३४ मध्ये अमोनियावर केला. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी विकसित झालेली उपकरणे युद्धानंतर प्रयोगशाळांना उपलब्ध झाली आणि या शाखेची झपाट्याने वाढ झाली.

४. मूलभूत अडचण : समतोल रेणूचे मौन

रेणूने सूक्ष्मतरंगाला प्रतिसाद द्यावा, यासाठी एक अट आहे. रेणूला कायमस्वरूपी विद्युत् द्विध्रुव परिबल असले पाहिजे. त्याचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असले, तरच तरंगाचे विद्युत् क्षेत्र त्याला पकडू शकते. फॉर्मिक अम्लाचा एकटा रेणू ही अट पूर्ण करतो. त्यामुळेच आकाशगंगेच्या मध्याकडील मेघांत त्याचा शोध १९७१ मध्ये रेडिओ दुर्बिणीने लागू शकला. परंतु दोन रेणू समोरासमोर येऊन वलय तयार करतात, तेव्हा एकाचे द्विध्रुव दुसऱ्याच्या अगदी विरुद्ध दिशेला असते. बेरीज शून्य होते. परिणामी हायड्रोजन बंधाचा सर्वांत साधा आणि सर्वांत महत्त्वाचा नमुना नेमका याच पद्धतीला अदृश्य ठरतो.

या अडचणीवर तीन मार्ग सापडले. तिन्ही मार्गांचे सूत्र एकच आहे : समतोल थोडासा बिघडवणे.

पहिला मार्ग मिश्र द्विवारिकाचा. सी. सी. कॉस्टेन आणि जी. पी. श्रीवास्तव यांनी १९६१ मध्ये ट्रायफ्लुओरोॲसिटिक अम्ल आणि फॉर्मिक अम्ल यांच्या जोडीचा सूक्ष्मतरंग वर्णपट प्रसिद्ध केला. १९६४ मध्ये त्यांनी अशा आणखी जोड्यांचा अभ्यास मांडला. एका टोकाला फ्लुओरीनयुक्त गट आल्यामुळे जोडीला मोठे द्विध्रुव परिबल प्राप्त झाले आणि ती बोलकी झाली. हायड्रोजन-बंधित संकुलांच्या सूक्ष्मतरंग अभ्यासाची ही सुरुवात मानली जाते.

दुसरा मार्ग घडणीतील भेदाचा आहे. ॲक्रिलिक अम्लाचा रेणू दोन घडणींत आढळतो, कारण त्यातील दुहेरी बंध कार्बोनिल गटाच्या बाजूला किंवा विरुद्ध बाजूला वळलेला असू शकतो. एक रेणू पहिल्या घडणीत आणि दुसरा दुसऱ्या घडणीत असेल, तर एकाच अम्लाची जोडी असूनही द्विध्रुव परिबल शून्य होत नाही. अशा जोडीचा वर्णपट २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

तिसरा मार्ग सर्वांत सूक्ष्म आहे. फॉर्मिक अम्लाच्या एका रेणूतील कार्बनला जोडलेल्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम बसवले, तर रासायनिकदृष्ट्या काहीच बदलत नाही. पण ड्यूटेरियम जड असल्यामुळे त्या बंधाची सरासरी लांबी किंचित कमी होते. एवढ्याने जोडीला अत्यंत क्षीण द्विध्रुव परिबल मिळते. हे क्षीण द्विध्रुव पुरेसे ठरले आणि फॉर्मिक अम्लाच्या द्विवारिकाचा शुद्ध परिवलन वर्णपट २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पॉलिंग आणि ब्रॉकवे यांच्या प्रयोगानंतर त्याला ८५ वर्षे लागली.

५. उपकरणातील क्रांती

१९६० च्या दशकातील प्रयोग साध्या तापमानाच्या आसपास, वायूने भरलेल्या तरंगवाहक नळीत होत. अशा वायूत रेणू शेकडो परिवलन पायऱ्यांवर विखुरलेले असतात. प्रत्येक रेषेच्या वाट्याला अत्यल्प रेणू येतात आणि अनेक रेषा एकमेकींत मिसळून रुंद पट्टे दिसतात. त्या पट्ट्यांतून संकुलाची स्थूल लांबी समजत असे, सूक्ष्म तपशील मात्र हाती लागत नसे.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात बॅले आणि फ्लायगेअर यांनी १९७९ च्या सुमारास विकसित केलेल्या उपकरणाने ही स्थिती पालटली. त्यात अम्लाचे अल्प बाष्प आर्गॉन, निऑन किंवा हीलियमसारख्या निष्क्रिय वायूत मिसळून बारीक छिद्रातून निर्वात कक्षात एकदम सोडले जाते. वायू प्रसरण पावताना रेणूंचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर केवळ काही अंशांपर्यंत खाली येते. थंडीमुळे दुर्बल संकुलेही तुटत नाहीत आणि जवळजवळ सर्व रेणू सर्वांत खालच्या थोड्या पायऱ्यांवर गोळा होतात. मग दोन अंतर्वक्र आरशांमधील पोकळीत सूक्ष्मतरंगाचा क्षणिक झोत सोडला जातो. झोत थांबल्यावरही रेणू काही काळ एका तालात फिरत राहतात आणि स्वतःचे तरंग उत्सर्जित करतात. घंटेवर टोला दिल्यानंतर घुमणारा नाद ऐकावा, तसाच हा प्रकार आहे. या नादाचे फूरिये रूपांतर केले की काही किलोहर्ट्झ रुंदीच्या अत्यंत बारीक रेषा मिळतात.

या उपकरणाचा एक दोष असा की ते एका वेळी अगदी अरुंद पट्टाच तपासू शकते. व्हर्जिनिया विद्यापीठातील ब्रूक्स पेट यांच्या गटाने २००० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत झोताची कंप्रताच वेगाने बदलत नेली जाते. त्यामुळे कित्येक गिगाहर्ट्झचा पट्टा एका झोतात नोंदवता येतो. आज दोन्ही पद्धती परस्परपूरक म्हणून वापरल्या जातात. पहिल्या प्रकारचे उपकरण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ई. अरुणन यांच्या गटाने उभारले. पुढे हायड्रोजन बंधाची नवी व्याख्या ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाचे नेतृत्वही त्यांनीच केले. ती व्याख्या २०११ मध्ये प्रसिद्ध झाली.

६. रचना कशी उलगडते : एक उदाहरण

प्रोपिओलिक अम्ल आणि फॉर्मिक अम्ल यांच्या जोडीचा अभ्यास अमेरिकेतील कुकोलिच आणि सहकाऱ्यांनी २०१० व २०११ मध्ये प्रसिद्ध केला. या जोडीचे तीन परिवलन स्थिरांक सुमारे ६००५, ९३१ आणि ८०४ मेगाहर्ट्झ आहेत. शेवटच्या दोहोंची बेरीज १७३५ होते. म्हणून मुख्य रेषांचे गट सुमारे १.७३ गिगाहर्ट्झच्या अंतराने येतात. ही नियमितताच संकुलाची पहिली ओळख पटवते.

स्थिरांक मेगाहर्ट्झमध्ये असेल, तर ५,०५,३७९ या संख्येला त्याने भागून निरूढी परिबल अणुभार एकक आणि वर्ग आंगस्ट्रॉम यांच्या गुणाकारात मिळते. वरील तीन स्थिरांकांवरून अनुक्रमे सुमारे ८४, ५४३ आणि ६२९ ही मूल्ये येतात. भूमितीचा नियम असा आहे की, एखादी वस्तू पूर्णपणे सपाट असेल, तर तिच्या प्रतलातील दोन अक्षांभोवतीच्या निरूढी परिबलांची बेरीज तिसऱ्याइतकी असते. येथे ८४ आणि ५४३ यांची बेरीज ६२७ आहे. तिसरे परिबल ६२९ आहे. अणूंच्या अखंड कंपनांमुळे पडणारा अल्पसा फरक सोडला, तर संकुल सपाट आहे हे केवळ बेरजेने सिद्ध होते. पदव्युत्तर वर्गात हे गणित विद्यार्थ्यांकडून दहा मिनिटांत करवून घेता येईल.

प्रत्येक अणूचे स्थान हवे असेल, तर समस्थानिकांचा उपयोग करतात. एका ठिकाणचा कार्बन-१२ बदलून कार्बन-१३ आला की निरूढी परिबल किंचित वाढते आणि त्या वाढीवरून तो अणू गुरुत्वमध्यापासून किती दूर आहे हे काढता येते. याचे गणित क्रेचमन यांनी १९५३ मध्ये दिले. बंधातील हायड्रोजनच्या बाबतीत मात्र सावधगिरी लागते. त्याच्या जागी ड्यूटेरियम आल्यास बंधाची लांबीच थोडी बदलते आणि मोजण्याची वस्तू मोजण्याच्या कृतीने हलते.

७. दोन प्रोटॉनांची अदलाबदल

आता मुख्य प्रश्न. वलयातील दोन हायड्रोजन आपापल्या ऑक्सिजनला चिकटून राहतात, की दोघेही एकाच वेळी समोरच्या ऑक्सिजनकडे सरकतात? दोघेही सरकले, तर मूळ रचनेसारखीच दुसरी रचना तयार होते. दोहोंच्या मध्ये ऊर्जेची टेकडी आहे. २०१९ च्या अभ्यासानुसार फॉर्मिक अम्लाच्या द्विवारिकासाठी तिची उंची प्रतिमोल ३०.६ किलोजूल आहे. प्रयोगातील अतिशीत रेणूंजवळ असलेली औष्णिक ऊर्जा तिच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. अभिजात यामिकीनुसार प्रोटॉनांनी जागचे हलूही नये.

पुंजयामिकीत मात्र हलका कण टेकडी न चढता तिच्यातून पलीकडे जाऊ शकतो. यालाच बोगदा परिणाम म्हणतात. असे घडत असेल, तर सर्वांत खालची ऊर्जा-पायरी एक न राहता दोन पायऱ्यांत विभागते. ही फूट मोजणे हाच प्रोटॉन-अदलाबदलीचा पुरावा आहे. प्रोपिओलिक-फॉर्मिक जोडीत ही फूट २९१.४२८ मेगाहर्ट्झ आढळली. संकुलाच्या लांब अक्षाला काटकोनात असलेला द्विध्रुवाचा घटक अदलाबदलीत उलटतो. त्यामुळे त्या प्रकारच्या रेषा एका पायरीतून दुसरीत जातात आणि फुटीच्या दुपटीने, म्हणजे सुमारे ५८० मेगाहर्ट्झने दुभंगतात. लांब अक्षावरील घटक उलटत नाही. त्याच्या रेषा केवळ काही मेगाहर्ट्झने विलग होतात. रेषांची ही दुहेरी वागणूक अदलाबदलीची साक्ष देते.

फुटीवरून कालावधीही काढता येतो. २९१ मेगाहर्ट्झ म्हणजे सुमारे ३.४ नॅनोसेकंदांत एक पूर्ण येरझार. दोन्ही प्रोटॉनांऐवजी ड्यूटेरियम बसवल्यास फूट ३.३५ मेगाहर्ट्झवर येते. येरझारीला जवळजवळ ३०० नॅनोसेकंद लागतात. वस्तुमान दुप्पट झाले, तर वेग सुमारे ८७ पटींनी घटला. टेकडी ओलांडून जाणाऱ्या कणाच्या बाबतीत एवढी घट संभवत नाही. ती बोगद्याचीच खूण आहे. ड्यूटेरियमयुक्त फॉर्मिक द्विवारिकात २०१९ मध्ये मिळालेली ३३१.२ मेगाहर्ट्झची फूट याच श्रेणीतील आहे.

अदलाबदलीसाठी दोन्ही बाजूंच्या रचना तंतोतंत समान असाव्या लागतात, हेही या अभ्यासांतून स्पष्ट झाले. फॉर्मिक अम्लाचा जोडीदार प्रोपिओलिक किंवा बेंझॉइक अम्ल असेल, तर अदलाबदलीनंतर मिळणारी रचना मूळ रचनाच अर्ध्या फेऱ्याने फिरवलेली असते. जोडीदार ॲक्रिलिक अम्ल असेल, तर प्रोटॉन सरकताच एका घडणीचे दुसऱ्या घडणीत रूपांतर होते. दोन्ही घडणींची ऊर्जा भिन्न असल्यामुळे अशी फूट दिसत नाही. याउलट ॲक्रिलिक अम्लाच्या स्वतःच्या मिश्र-घडणी द्विवारिकात एक रेणू पहिल्या घडणीतून दुसऱ्या घडणीत आणि दुसरा दुसरीतून पहिलीत जातो. एकूण रचना पुन्हा समान होते आणि फूट परत दिसू लागते.

८. व्यापक संदर्भ

या अभ्यासाचे महत्त्व रसायनशास्त्रापुरते मर्यादित नाही. डीएनएच्या दोन पदरांतील आधार-जोड्याही एकाहून अधिक समांतर हायड्रोजन बंधांनी जोडलेल्या असतात. त्यांतील प्रोटॉन बोगद्याने सरकल्यास आनुवंशिक लिपीत चूक होऊ शकते, अशी कल्पना स्वीडिश शास्त्रज्ञ लॉडिन यांनी १९६३ मध्ये मांडली. जिवंत पेशीतील परिस्थिती अतिशीत वायूहून सर्वस्वी भिन्न असल्यामुळे एका क्षेत्रातील आकडे दुसऱ्यास थेट लावता येत नाहीत. परंतु सिद्धांताची गणिते पारखण्यासाठी आधी लहान आणि निर्विवाद उदाहरण लागते. ते अम्लांच्या द्विवारिकांनी पुरवले आहे.

वातावरणविज्ञानालाही या पद्धतीची मदत झाली आहे. फॉर्मिक अम्ल आणि पाणी यांच्या संकुलांचे वर्णपट प्रीम, हा आणि बाउडर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केले. पाण्याचा एक रेणू अम्लाकडून हायड्रोजन बंध स्वीकारतो आणि कार्बोनिल ऑक्सिजनला परत देतो, असे सहा अणूंचे वलय त्यांना आढळले. मिनेसोटा विद्यापीठातील लिओपोल्ड यांच्या गटाने २०१५ मध्ये फॉर्मिक अम्ल आणि सल्फर ट्रायऑक्साइड एकत्र आणले, तेव्हा वर्णपटात फॉर्मिक सल्फ्यूरिक ॲनहायड्राइड हा सहसंयुज बंधाने जोडलेला रेणू आढळला. म्हणजे येथे रेणू केवळ शेजारी बसत नाहीत. त्यांच्यात रासायनिक अभिक्रिया होते. हवेतील सूक्ष्म कणांच्या निर्मितीत अशा रेणूंचा वाटा असू शकतो का, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

९. मर्यादा

या पद्धतीच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. द्विध्रुव परिबल नसलेला रेणू तिला दिसत नाही. मिळणारी माहिती मुख्यतः न्यूनतम ऊर्जेच्या स्थितीची असते. द्रावणातील किंवा स्फटिकातील वर्तनाबद्दल ती थेट काही सांगत नाही. वर्णपटातील हजारो रेषांतून इष्ट संकुलाच्या रेषा निवडण्यासाठी संगणकीय पुंजरसायनाने केलेली पूर्वगणना जवळजवळ अपरिहार्य असते. शिवाय टेकडीची उंची थेट मोजली जात नाही. मोजलेल्या फुटीवरून गणिती प्रतिमानाच्या आधारे ती काढली जाते. म्हणून ३३१.२ मेगाहर्ट्झ हे निरीक्षण आणि ३०.६ किलोजूल हा अन्वयार्थ, असा भेद अध्यापनातही राखला जावा.

१०. समारोप

कार्बॉक्सिलिक अम्लाची जोडी पाठ्यपुस्तकात दोन तुटक रेषांनी दाखवली जाते. त्या आकृतीमुळे बंध स्थिर आहे आणि प्रत्येक हायड्रोजनचा मालक ठरलेला आहे, असा समज होतो. सूक्ष्मतरंग वर्णपटविज्ञानाने दाखवलेले चित्र याहून वेगळे आहे. निरपेक्ष शून्याच्या जवळही हे दोन प्रोटॉन काही नॅनोसेकंदांत जागा बदलतात, आणि त्यांची ही हालचाल काटेकोरपणे मोजता येते. समतोल रेणू या पद्धतीला दिसत नाही, ही तिची सर्वांत मोठी अडचण होती. एका हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम ठेवून, म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने काहीच न बदलता, ती दूर झाली. पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत परिवलन वर्णपट शिकवताना द्विअणू रेणूच्या पुढे जाऊन या उदाहरणाचा समावेश केल्यास रेणुरचना, हायड्रोजन बंध आणि पुंजयामिकी हे तीन स्वतंत्र वाटणारे घटक एकाच संकुलात विद्यार्थ्यांसमोर ठेवता येतील.